दाताएवढी फट

इदोफारे गावात ओगुनसाकिन हे पूर्ण नाव कुणी घेत नसे. सगळे त्याला साकिन म्हणत, आणि साकिन म्हटलं की आधी त्याची वाकलेली मान डोळ्यांपुढे येई. मण्यांचं काम करणाऱ्या घराण्यात मान तशीच होते. त्याचा बाप आणि आजोबा मुकुटांवर वाकूनच म्हातारे झाले. आमच्या राजाच्या मुकुटाला पुढून मण्यांच्या सरांचा पडदा असतो, त्यामागे त्याचा चेहरा झाकला जातो. गावात थट्टा होती की या घरातल्या माणसाला चंद्र बघायचा असेल तर तो भांड्यात पाणी घेऊन बसतो. तरुणपणी साकिन स्वतःच ही थट्टा चारचौघांत सांगायचा. म्हातारपणी मात्र कुणी ती काढली की हातातला माडीचा पेला तसाच ठेवून उठून जायचा. लोकांना वाटे, म्हातारा चिडका झाला.

राजाच्या मुकुटाचं काम राजवाड्याच्या अंगणातच करायचं, मणीसुद्धा घरी न्यायचे नाहीत, ही आमची रीत. त्यामुळे साकिनचं बालपण बापाच्या चटईशेजारी, राजवाड्यात गेलं. तिथेच त्याला राजघराण्यातला एक पोरगा भेटला. तो निळे मणी चोरायचा आणि गलोलीनं सरड्यांना मारायचा. त्याचं भारदस्त नाव अदेतिलोये, पण ते बारशालाच काय ते वापरलं गेलं. घरच्यांच्या आणि साकिनच्या तोंडी तो अजानी. त्याच्या पुढच्या दोन दातांत फट होती. आमच्याकडे अशी फट म्हणजे देखणेपण. पोरी त्यावर भाळतात, आणि अजानीला ते फार लवकर कळलं होतं.

राजघराणं मोठं, राजपद एक, म्हणून अजानीनं पुढे लॉरी घेतली. कोकोला भाव होता ते दिवस. तो पोती भरून इबादानला जायचा आणि साकिन मणी आणायला शेजारी बसायचा. साकिनची मुलगी आइना लहान असताना तीही अजानीच्या मांडीवर बसून चाक धरायची. वाटेत दोघा मित्रांची भांडणं ठरलेली: मणी महाग घेतले म्हणून, माडी कमी ओतली म्हणून, कधी उगीचच. साकिन गाल फुगवून खिडकीबाहेर बघत बसायचा. मग अजानी त्याला कोपरानं ढोसायचा, आणि साकिननं वळून पाहिलं की दात दाखवायचा. ती फट दिसली की साकिनला हसू फुटे आणि भांडण संपे. दोघांपैकी कुणी कुणाला कधी ‘चुकलं माझं’ असं म्हटलं नाही. म्हणायची वेळच आली नाही, आणि तेच पुढे नडलं.

एके वर्षी आमचा राजा आढ्यावर गेला. राजा मेला असं आम्ही म्हणत नाही. दैव बघणाऱ्यांनी कौल लावायला आपली फळं टाकली, पुन्हा टाकली, आणि सगळी थोरली मंडळी डावलून अजानीचं नाव आलं. त्याला न्यायला माणसं गेली तेव्हा तो लॉरीच्या पोटाखाली उताणा पडला होता. त्याचे पाय धरून त्याला बाहेर ओढला, आणि बाहेर येताच त्याच माणसांनी त्याच्यापुढे लोटांगण घातलं.

राज्यावर बसण्याआधी नव्या राजाला काही महिने एकांतात ठेवतात. त्या एकांतात जाण्याआधीच्या दुपारी अजानी साकिनच्या चटईवर येऊन बसला. हाताचं काळं तेल अजून पुरतं निघालं नव्हतं.

“साक्या, मुकुटाचा पडदा शिवशील तेव्हा पुढे बोटभर फट ठेव.”

“फट? मुकुट करतोय का कोंबड्यांचं खुराडं?”

“ऐक तर. उद्यापासून माझं नाव बंद. सगळे ‘काबियेसी, काबियेसी’ करत आडवे पडणार. तूसुद्धा पडशील.”

“न पडून सांगतो कुणाला! तुझेच शिपाई पाडतील.”

“म्हणूनच म्हणतो. त्या फटीतून माझा दात दिसला की समजायचं, राजा उठून गेला आणि अजानी बसलाय. मग वर बघायचं, नावानं हाक मारायची, मनात येईल ते बोलायचं. शिव्या दे हवं तर.”

“आणि दात नाही दिसला तर?”

“तर राजा बसलाय. गप पडून राहायचं.” अजानी हसला, पण त्याचे डोळे हसत नव्हते. “अरे, काबियेसी म्हणजे ज्याला कुणी जाब विचारत नाही तो, आणि तसा माणूस महिन्याभरात कुजतो. मला एक तरी जाब विचारणारा ठेव.”

साकिननं हातातली सुई जिभेला लावली. आमच्याकडे लोखंड जिभेला लावून दिलेला शब्द मोडत नाहीत.

मग काम सुरू झालं. वेताच्या कामट्यांचा उंच निमुळता सांगाडा, त्यावर खळ लावलेलं कापड, कापडावर उठावाचे पूर्वजांचे चेहरे, शेंड्यावर पक्षी, आणि या सगळ्यावर इंचाइंचानं मणी. साकिनच्या हातून असं काम आधी कधी झालं नव्हतं. मित्राचाच मुकुट होता. त्यानं पूर्वजांच्या डोळ्यांत असा पांढरा धरला की राजवाड्यातल्या पोरी त्या बाजूनं जायला घाबरू लागल्या. रोज कुणी ना कुणी बघायला येई आणि तोंडात बोट घालून परत जाई. साकिनच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पडदा शिवायला घेतला तेव्हा त्यानं समोर बोटभर जागा मोकळी सोडली होती. हे मात्र कबूल करायला हवं. शब्द तो विसरला नव्हता.

अशात एक दिवस लिसा आला. लिसा म्हणजे राजाखालोखालचा सरदार. हा तर बोलण्याहून खाकरायचाच जास्त. तो काठी टेकत मुकुटाभोवती फिरला आणि फटीशी थांबला.

“हे काय? मणी संपले?”

“नाही, मालक. मुद्दाम ठेवलीय.”

“मुद्दाम? इलेमोच्या राजाचा मुकुट पाहिलास ना? पडद्यातून नाक दिसतं त्याचं. राजा आहे का पिंजऱ्यातला पोपट, हेच कळत नाही.” लिसा खाकरला. “लोक म्हणतील, साकिनच्या बापानं केलेल्या पडद्यातून माशी जात नव्हती, आणि पोराच्या पडद्यातून कुत्रं जाईल.”

ते बोलणं साकिनला झोंबलं. बापाचं नाव काढलं की तो असाच पेटायचा. त्यानं आधी दोन सर वाढवले. बारीक फट राहीलच की, असं मनाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती बारीक फट विद्रूप दिसायला लागली, जसा नव्या कापडाला उसवलेला टाका. बायको मोरेनिके जेवण घेऊन आली होती. ती थोडा वेळ बघत राहिली.

“आइनाचे बाबा, तिथं फट ठेवणार होतात ना?”

“तुला यातलं काय कळतं?”

“मण्यांतलं नाही कळत. सुई जिभेला लावली होती, एवढं आठवतं.”

“नंतर सांगेन मी त्याला. तोच म्हणेल, बरं केलंस. फाटक्या पडद्याचा राजा म्हणून त्यालाच हसले असते.”

मोरेनिकेनं कुटलेल्या याम कंदाचं भांडं त्याच्यापुढे सरकवलं आणि ती निघून गेली. संध्याकाळपर्यंत साकिननं फट बुजवून टाकली. निळ्याशेजारी पांढरा, पांढऱ्याशेजारी निळा, मध्ये सुई घालायला जागा नाही.

राज्याभिषेकाच्या दिवशी अजानीच्या थोरल्या बायकोनं, आता थोरली राणी झालेल्या अबेजेनं, मुकुट मागून चढवला. मुकुटाच्या आत राजानं कधी बघायचं नसतं, म्हणून तो मागूनच चढवतात. पडदा खळखळत खाली आला आणि अजानीचा चेहरा गेला. लोकांनी जो काही गजर केला! साकिन पुढच्या रांगेत पालथा पडला होता. त्यानं मान किंचित उचलली. पडद्याआडचं डोकं डावीकडे फिरलं, उजवीकडे फिरलं, मग त्याच्या दिशेला येऊन थांबलं. पुष्कळ वेळ थांबलं. मणी हलत होते; आतून कुणी काही तरी शोधत असावं तसे.

 आपण काय केलं हे साकिनला त्या घटकेला स्वच्छ कळलं. पण लगेच लोकांनी त्याला उठवलं, त्याच्या पाठीवर थापा मारल्या, लिसानं स्वतःच्या हातानं मानाचं कोलाफळ फोडून दिलं. जेवणं होईपर्यंत ते कळणं विरघळून गेलं.

काही दिवसांनी राजाच्या भेटीला जायचं म्हणून त्यानं निरोप पाठवला. त्याला वाटलं होतं, आतल्या खोलीत बोलावतील, तिथं राजा साध्या टोपीत असतो, चेहरा उघडा. कोको तोलणारा त्याला तसा भेटत होता, पोस्टमन भेटत होता. पण साकिनला मोठ्या चौकात बसवलं, आणि राजा आला तो पूर्ण मुकुट घालून.

“नशीबवान आहेस लेका,” शिपाई त्याच्या कानाशी कुजबुजला. “आमच्यापुढे कधी घालत नाहीत. तुझं नाव ऐकलं आणि हाच मागितला.”

साकिनला मात्र तो मान वाटला नाही. त्याला वाटलं, हा मला टोचतोय. बघ, तू काय करून ठेवलंस, असं दाखवतोय. तो पालथा पडला. चटईवर नाकासमोर चार-पाच निळे मणी सांडले होते. पडद्याचा मधला एक सर तुटला होता! त्याच्या हातचा सर, आणि तो इतक्यात तुटावा? अजानी, शब्द, फट, सगळं त्याच्या डोक्यातून गेलं. तो मणी वेचायला लागला.

“खाली काय बघतोस?” पडद्यामागून आवाज आला.

“मणी, काबियेसी. दोरा कच्चा निघाला. आत्ता शिवून देतो.”

“आणखी काही बोलायचं नाही?”

आता बोलायला हवं होतं. फट बुजवली, चुकलो, एवढंच. पण शेजारी शिपाई उभे, हातात तुटक्या सराचे मणी, आणि ज्या माणसाला आयुष्यात चुकलो म्हणावं लागलं नाही त्याच्या जिभेला ते वळण कुठून येणार?

“नाही, काबियेसी.”

पडद्यामागे कुणी तरी श्वास सोडला. मग मुकुट उतरवून पडवीत आणला. आतली बाजू कापडानं झाकून थोरली राणी तो दोन्ही हातांत धरून बसली, आणि साकिननं मेण चोळलेल्या दुहेरी दोऱ्यानं सर पुन्हा शिवला. राणी एक शब्द बोलली नाही.

पुढे हे असंच चालू राहिलं. साकिन भेटीला जाई, राजा मोठा मुकुट घालून येई, आणि प्रत्येक वेळी नेमका मधलाच सर तुटलेला असे. साकिनचा संताप संताप होई. त्याची खात्री पटली की राजा मुद्दाम त्याच्या कामाची लाज काढतोय, शिपायांदेखत त्याला मणी वेचायला लावतोय. तो दर वेळी आधीपेक्षा पक्कं शिवे आणि मान वर न करता घरी येई. “राजा झाल्यावर माणूस बदलतो,” असं तो मोरेनिकेला म्हणे. ती म्हणे, “तुम्ही वर बघून एकदा विचारा तरी.” मुकुट घातलेल्या राजाकडे वर बघू नये हा नियम साकिनला त्या काळात फार सोयीचा वाटत होता.

मग आइना गेली. पहिल्याच बाळंतपणात गेली, बाळही गेलं. साकिन घरात भिंतीकडे तोंड करून पडून होता. राजवाड्यातून माणूस आला, काबियेसींनी बोलावलंय. तो गेला. जाताना त्याच्या मनात होतं की आज तरी आतल्या खोलीत नेतील, आज तरी अजानी त्याला अजानीसारखा भेटेल. पण चौकात तोच मुकुट होता, आणि चटईवर मणी पसरलेले. या वेळी दोन सर तुटले होते.

साकिन पालथा पडला आणि त्या मण्यांकडे बघत राहिला. माझी पोर मातीत घातली आणि हा मला मणी वेचायला बोलावतो.  वरून आवाज आला, अगदी हळू. “साकिन.” राजानं नावानं हाक मारली होती. साकिननं मान आणखीच खाली घातली.

“शिवून देतो, काबियेसी,” तो म्हणाला. “पुन्हा तुटणार नाही असं शिवतो.”

लेगॉसहून आलेला, मासे धरायचा नायलॉनचा दोरा बाजारात मिळू लागला होता. साकिननं तो आणला आणि अख्खा पडदा नव्यानं ओवला. दोरा ओढताना बोटं कापली, तरी ओढत राहिला. राणी मुकुट धरून समोर बसली होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. साकिनला वाटलं, आइनासाठी रडतेय.

त्यानंतर सर कधी तुटला नाही. साकिनला बोलावणंही आलं नाही. “तुटतच नाही, तर बोलावतील कशाला?” असं तो अड्ड्यावर सांगे, आणि काय सांगावं, छाती पुढे काढून सांगे. गावातल्या प्रत्येकानं राजाचा चेहरा कधी ना कधी पाहिला. केस पिकलेले पाहिले, गाल बसलेले पाहिले. साकिनच्या डोळ्यांपुढे मात्र लॉरीतला अजानीच राहिला, तेल लागलेला, तिशीतला. कधी कधी भर दुपारी काम टाकून तो राजवाड्याच्या कोपऱ्यापर्यंत चालत जाई, थोडा वेळ उभा राही आणि माघारी येई. त्याला भेटायचं होतं. पाय त्याला तिथपर्यंत नेत, जीभ मात्र पुढे नेत नसे.

अशानं वर्षं गेली, आणि एके सकाळी गावात कुजबुज झाली की राजा आढ्यावर गेला. ज्यांचा तो मान आहे त्यांनी ठरलेल्या जागी, ठरलेल्या रीतीनं सगळं उरकलं. साकिनला तेव्हाही चेहरा दिसला नाही.

नव्या राजासाठी मुकुट साफ करायला त्याला बोलावलं. पडवी तीच होती. थोरली राणी अबेजे डोकं भादरून, साध्या कापडात, मुकुट मांडीवर घेऊन बसली होती. साकिन तिच्यासमोर बसला, पडदा हातात घेतला आणि सवयीनं सर ओढून पाहिले.

“आई, अजून जसेच्या तसे आहेत,” तो म्हणाला. “एक तुटला नाही.”

“ते सर कधी तुटलेच नव्हते, साकिन.”

त्याला वाटलं, म्हातारपणानं हिला भ्रम झाला.

“मुकुटामागं जे दिसतं ते राजा असेपर्यंत राणीनं बोलायचं नसतं. म्हणून मी तोंड मिटून बसले. आता बोलते. ते सर काबियेसीच तोडायचे. दातानं.”

साकिनचा हात पडद्यावरच राहिला.

“तू येणार असा निरोप आला की हा मुकुट मागायचे. मी मागून चढवला की मधला सर तोंडात धरून कुरतडत बसायचे, उंदरासारखे. म्हणायचे, ‘अबेजे, तो ठेवायचा विसरला, म्हणून मीच फट पाडतो. आज साक्याला दात दाखवतो बघ.’ पोरासारखे हसायचे. आणि तू यायचास नि मणी वेचायचास.”

“मग सांगायचं मला!” साकिन ओरडलाच. “हुकूम करायचा, वर बघ म्हणून!”

“मी तेच म्हटलं होतं. तर म्हणाले, हुकूम केला तर तो राजाकडे बघेल. राजाकडे बघायला गाव आहे की.”

साकिनला विचारायचं नव्हतं, तरी त्यानं विचारलं. “आइना गेली तेव्हा?”

“तेव्हा दोन तोडले. म्हणाले, आज मोठी फट पाहिजे, आज त्याचे डोळे भरलेले असतील, बारीक फट दिसायची नाही. त्यांना तुझ्याजवळ बसून रडायचं होतं रे. त्यांच्याही मांडीवर वाढली होती ती.” राणीनं नाक पुसलं. “तू नायलॉन घातलास, त्यानंतरही एकदा कुरतडून पाहिलं. सर तुटला नाही, दाताचाच टवका उडाला. आरशात बघून म्हणाले, ‘काम मात्र चोख करतो हो माझा साक्या.’ पुन्हा हा मुकुट मागितला नाही.”

 साकिन गुडघ्यांवर सरकत पुढे गेला. मुकुट राणीच्या मांडीवर होता, पडदा त्याच्या चेहऱ्यासमोर. त्यानं मधले सर बाजूला करून आत पाहायचा प्रयत्न केला. पलीकडे राणीनं धरलेलं कापड होतं, दुसरं काही नव्हतं.

“अजानी,” तो म्हणाला. त्या नावानं राजवाड्यात कुणी हाक मारली त्याला कित्येक वर्षं झाली होती. “अजानी, चुकलं माझं.”

मग त्यानं मधला सर तोंडात धरला. त्याचे पुढचे दात केव्हाच पडले होते. डाव्या बाजूला दाढा होत्या, तिकडे सर नेऊन तो चावू लागला. लाळ हनुवटीवर आली, हिरडीतून रक्त आलं, निळे मणी लाल झाले. राणीनं कात्री पुढे केली. त्यानं मान हलवून नको म्हटलं आणि सर दुसऱ्या दाढेखाली धरला.

शेवटी त्यानं तोंडातून सर सोडला. तो होता तसा, सरळ खाली लोंबला, शेजारच्या सराला चिकटून, मध्ये फट नाही.

“तुटत नाही, आई,” साकिन म्हणाला. “फार पक्कं शिवलंय.”